पहिली नजर कॅमेऱ्याला

दुष्काळानंतरचे दुसरे नवरात्र, अष्टमी. त्या दिवशी मंडळाच्या सभागृहात रांगोळी पूर्ण झाली. या दिवसाबद्दल माझी कोणाहीविरुद्ध तक्रार नाही.

खंडेनवमी, सकाळ. कॅमेऱ्याची पूजा झाली. जबाबदार: मंडळाचे त्या वेळचे खजिनदार. त्यांचा हेतू शुद्ध होता, हे मी आधीच मान्य करतो.

खंडेनवमी, दुपार. सभागृहाचे दार आतून बंद करण्यात आले. जबाबदार: मंडळाचे त्या वेळचे चिटणीस. एकटेच.

खंडेनवमी, दिवेलागण. दार उघडले. जबाबदार: पुन्हा तेच. वेळ टळल्यावर दार उघडणे हा दार बंद ठेवण्याहून वेगळा अपराध आहे, आणि तो मी वेगळा मोजतो.

दसरा, सकाळ. या दिवसाला जबाबदार माझी पत्नी. तिच्याविषयी योग्य जागी लिहीन.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांनी आठवणी पाठवाव्यात, आणि त्या वर्षीच्या रांगोळीचा फोटो कोणाच्या घरी असल्यास सोबत जोडावा, अशी विनंती मला आली आहे. विनंतीखाली सही त्याच चिटणीसांची आहे. आता ते अध्यक्ष आहेत. आठवण पाठवत आहे. फोटो जोडलेला नाही. तो का नाही, हे सांगण्यासाठीच हा मजकूर आहे. यातील एकही वाक्य न गाळता छापावा.

त्या काळी आम्ही भवानी पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मी एका वकिलांकडे कारकून होतो. कायद्याची पुस्तके त्यांची, वाचण्याची हौस माझी. त्यामुळे पेठेत मला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत, आणि म्हणताना हसत. पत्नीचे माहेर अक्कलकोटच्या बाजूचे. घरात कानडी, बाजारात मराठी. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणत असे, तेथे धान्याचे दुकान चालवत. ते लेकीला ‘अव्वा’ म्हणत, ती त्यांना ‘अप्पा’. अव्वा म्हणजे आई. त्या मुलखात लेकीलाही लाडाने तशीच हाक मारतात.

पत्नीची आई आमच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांत गेली. तिचा एकही फोटो नव्हता. मामांनी कधी नकार दिला होता असे नाही. मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘रोज डोळ्यासमोर हुती की. समोर असलेल्या माणसाचा फोटो कशाला काढायचा?’’ हे वाक्य मी मुद्दाम येथे लिहून ठेवतो. मी फोटोचा शत्रू आहे असा आरोप माझ्यावर मंडळाच्या सभेत झालेला आहे. त्या बाईचा एक फोटो असता तर आमच्या घराने तो देवाशेजारी लावला असता. माझा आक्षेप फोटोला नाही. माझा आक्षेप कशाला आहे, ते पुढे यथाक्रम येईल.

त्या वर्षी श्रावणात मामांना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेले ते परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आजूबाजूचे दिसणे गेले होते. समोरचे तेवढे उरले होते, आणि तेही लहान होत चालले होते. उजेड कमी झाला की तेवढेही नाही. परत येताना मामा टांग्यात डोळ्यांवर हात धरून बसले होते. मग म्हणाले, ‘‘पोत्यातनं धान्य काढायची नळी असती ना जावईबापू, तिच्यातनं बघितल्यागत दिसतंय. दिवे लागले की मग नुसते दिवेच दिसतात.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘ही नळी बुजायच्या आत एक काम करायचं हाय. पोरीची रांगोळी बघायची.’’

पत्नीची रांगोळी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. नवरात्र म्हणजे त्यांच्या दुकानाचे दिवस. दर वर्षी ‘फुडल्या वर्षी येतो की’ असा निरोप येई. आता पुढचे वर्ष उरले नव्हते. पत्नीला मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिने ताट खाली ठेवले. नंतर एवढेच विचारले, ‘‘दिवसा दिसतं ना? उन्हात?’’ मी हो म्हणालो. कोणती रांगोळी काढायची हे तिने त्या वेळीच ठरवले असावे. मला मात्र अष्टमीच्या दुपारपर्यंत कळले नाही.

मंडळाचा एक रिवाज येथे सांगणे भाग आहे, कारण नव्या सभासदांना तो ठाऊक नसेल. तो मोडला त्याला आता फार वर्षे झाली. सभागृहातली नवरात्राची मोठी रांगोळी जी बाई काढील, तिने पहिली नजर कोणाची ते ठरवायचे. त्या माणसाने हातात निरांजन घेऊन रांगोळीभोवती एकट्याने फेरी घालायची. त्याची फेरी होईपर्यंत बाकी सगळे दाराबाहेर. मग दार सर्वांना उघडे. नवमीला दिवे लागले की जिने काढली तिनेच रांगोळी पुसायची, कारण दसऱ्याला तीच जमीन आपट्याच्या पूजेला लागे. कोणी पहिली नजर सासूला दिली, कोणी बाळंतीण लेकीला. एका बाईने ती शेजारणीला दिली होती, जिच्याशी तिचे नळावरून बोलणे बंद होते. शेजारीण फेरी घालताना रडली, आणि पेठेतले ते भांडण तेथेच मिटले. पहिली नजर ही अशी चीज होती. माझ्या पत्नीने ती आपल्या वडिलांना दिली होती आणि तसे चिटणीसांना आठ दिवस आधी सांगितले होते. त्यांनी मान डोलावली होती. मी साक्षीदार आहे.

अष्टमीला मी कचेरीतून थेट सभागृहात गेलो; रांगोळी पुरी होईपर्यंत घरच्यांना मनाई नसे. शहाबादी फरशीवर गेरूचा हात फिरला होता. दोन विटांवर फळी टाकून पत्नी त्या फळीवर गुडघे टेकून काम करत होती, म्हणजे काढलेल्यावर पाय पडत नाही. भोवती वाट्यांतून गुलाल, हळद, नीळ, कोळशाची आणि विटेची पूड. फरशीवर माझी सासू बसली होती. मांडीवर सूप, सुपात ज्वारी, अंगावर निळे इरकली लुगडे, लाल पदर खांद्यावरून पुढे आलेला. ती सुपाकडे पाहत होती. चिमटीतून पडणाऱ्या पुडीने माझ्या देखत तिच्या कपाळावरचे गोंदण उमटले. त्या बाईच्या हातची ज्वारीची भाकरी मी खाल्ली होती. मी चपला दाराबाहेर काढल्या होत्याच. तरी पुन्हा पायांकडे पाहिले.

‘‘झालीय ना तशी?’’ पत्नीने विचारले.

‘‘झालीय.’’

‘‘अप्पांना सांगू नका. उद्याच बघू दे.’’

खंडेनवमीला भवानी पेठ वेगळीच असते. एरवी मागांच्या खडखडीत माणूस माणसाशी ओरडून बोलतो. त्या दिवशी माग पूजेला बसलेले. शेजारच्या घरात काठवटीत भाकरी थापली तरी ऐकू यावे. कात्री, शिवणयंत्र, तराजू, सायकल, ज्याचे जे हत्यार त्याला हळदकुंकू लागते, आणि पूजा झाली की ते हत्यार त्या दिवशी कोणी हाती घेत नाही.

सकाळी सभागृहाच्या ओट्यावर अशीच पूजा मांडली होती. नवी पेठेतले एक फोटोग्राफर कॅमेरा घेऊन आले होते. तो एकावर एक दोन डोळे असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा: वरच्या डोळ्यातून पाहायचे, खालच्या डोळ्याने फोटो घ्यायचा. खजिनदारांनी तो पाटावर ठेवला आणि कुंकवाचे बोट घेऊन थबकले.

‘‘याचं कपाळ कुठं?’’

‘‘डोळ्याच्या वर, काका. कपाळ कुठं असतं?’’ कोणीतरी म्हणाले.

‘‘डोळे दोन आहेत रे. एकावर एक.’’

‘‘मग मधोमध लावा.’’

खजिनदारांचा हात कापत असे आणि कुंकू ओले होते. फोटोग्राफर ओरडले, ‘‘काका, काचेला नको!’’ आणि त्यांनी लगबगीने वरचा डोळा रुमालाने पुसला, त्यातून पाहिले, साफ दिसले, समाधान झाले. मग ते अवघडून चिटणीसांना म्हणाले, ‘‘पण आज मी फोटो काढत नाही. पूजा झाली की हत्यार बसतं आमचं.’’

‘‘अहो, दुकानातला मोठा कॅमेरा बसवा की,’’ चिटणीस म्हणाले. ‘‘हा धाकटा. ह्याला काय कळतंय सण?’’

सगळे हसले. मीही हसलो. चिटणीस गोड माणूस होता, आजही आहे. हे मी माझ्या बाजूला बाधक असूनही लिहितो.

मामा सकाळच्या एसटीने आले. पांढरा पटका, परीटघडीचे धोतर, हातात लेकीसाठी गूळशेंगांची पिशवी. आम्ही जेवून दुपारी सभागृहापाशी गेलो. पत्नी आधीच आत होती, निरांजन तयार करून. दाराशी चिटणीस उभे.

‘‘आजोबा, या, या. बसा इथं पायरीवर. जरा फोटो होऊ द्या.’’

मी म्हणालो, ‘‘पहिली नजर यांची आहे.’’

‘‘वकीलसाहेब, यंदा नवीन काहीतरी करतोय. पहिली नजर कॅमेऱ्याची. माणूस बघतो आणि विसरतो. फोटो पन्नास वर्षं राहतो. आणि लोकांना आधी सोडलं, एखाद्याचा पाय पडला, तर फोटोत काय येणार?’’

‘‘मग फोटो काढा आणि दार उघडा.’’

‘‘प्रमुख पाहुणे यायचेत ना! पाहुण्यांशिवाय फोटो कसा? निघालेच आहेत ते नवी पेठेतून.’’

मी त्यांना बाजूला घेऊन मामांच्या डोळ्यांची हकिगत सांगितली. उजेड गेला की त्यांना दिसत नाही, हेही सांगितले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘म्हणूनच तर म्हणतो, त्यांना फोटोची एक प्रत देऊ. आपल्या खर्चानं. घरी नेऊन जवळ धरून बघतील. इथं गर्दीत धक्के खाण्यापेक्षा बरं की नाही?’’

या युक्तिवादाला मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे इतकी वर्षे ते सुचतच राहिले आहे. ज्याची नजर नळीएवढी उरली आहे, त्याला मोठी रांगोळी भोवतीने चालत, थांबत, हातभर हातभर पाहता येते. त्याच रांगोळीचा तळहाताएवढा कागद केला तर त्यातला चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. आणि तो काळ्यापांढऱ्या फोटोंचा काळ होता. नीळ, गुलाल आणि हळद हे तिन्ही त्या कागदावर राखेच्या रंगाचे होणार होते. पण हे मी नंतर रचलेले उत्तर आहे. त्या दुपारी मी फक्त म्हणालो, ‘‘हे रिवाजाला धरून नाही,’’ आणि चिटणीसांनी आत जाऊन दार लावून घेतले.

मामा पायरीवर बसले. मी उभाच होतो. सभागृहाला रस्त्याच्या बाजूने एक गजांची खिडकी होती, उंचावर. तिच्यातून पत्नीचा आवाज आला.

‘‘अप्पा, ऊन कुठवर आलंय?’’

‘‘समोरच्या भिंतीवर हाय. येळ हाय अजून.’’

मी चिटणीसांच्या अधिकाराची मर्यादा, सभासदांचे हक्क आणि पूर्वापार वहिवाट या विषयांवर मोठ्याने बोलू लागलो. रस्त्यावरचे दोघेतिघे ऐकायला थांबले. खिडकीतून पुन्हा आवाज आला, ‘‘अहो, ते कायद्याचं नंतर. आधी अप्पांना पाणी आणा.’’

मी पाणी आणले. मामांनी तांब्या तोंडाला लावला, पुसला, आणि हलकेच म्हणाले, ‘‘भांडू नका जावईबापू. पोर आत हाय ना? मग बसतो की मी. दुकानात बसायची सवयच हाय.’’

बऱ्याच वेळाने: ‘‘अप्पा, आता कुठं आलं?’’

‘‘पत्र्यावर चढलंय.’’

पाहुणे आले तेव्हा ऊन पत्र्यावरूनही गेले होते. आकाशात मात्र उजेड होता. अजूनही वेळ होती. दार पाहुण्यांपुरते उघडून बंद झाले. मी दोन विटा रचून खिडकीशी चढलो आणि पुढचे सर्व प्रत्यक्ष पाहिले.

शिडीवरून फोटो झाला. मग पाहुण्यांचा हारासह झाला. मग कार्यकारिणीचा. मग कोणी म्हणाले, ‘‘एक सहकुटुंब होऊ दे,’’ आणि सहकुटुंब झाले. प्रत्येकाला एक हवा होता. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, जी मी आजवर कोणाला पटवू शकलेलो नाही: रांगोळीकडे पाठ केल्याशिवाय रांगोळीबरोबर फोटो येत नाही. ही कॅमेऱ्याची अटच आहे. पंधरा-वीस माणसे त्या खोलीत आली, माझ्या सासूकडे पाठ करून ओळीने उभी राहिली, हसली, आणि पुढच्यांना जागा करून दिली. खिशातून कंगवा काढून केस सारखे करणारा माणूस मी पाहिला. खाली पाहणारा पाहिला नाही. अपवाद एकच. पाहुण्यांनी हार काढता काढता खाली बोट करून विचारले, ‘‘ही कोणती देवी?’’

‘‘अन्नपूर्णा,’’ चिटणीस म्हणाले.

‘‘माझी आई आहे,’’ पत्नी म्हणाली.

‘‘असं होय! वा, वा.’’ पाहुण्यांनी हात जोडले. चांगला माणूस असावा. मग फोटोग्राफरकडे वळून म्हणाले, ‘‘हात जोडलेला घेतलात का?’’ तो पुन्हा एकदा झाला.

दार उघडले तेव्हा पेठेतले दिवे लागले होते. सभागृहात एकच पिवळा बल्ब होता. गर्दी आत घुसली. पत्नीने दोन्ही हात पसरून ती अडवली. एरवी ती हळू बोलते. त्या वेळी ती एवढ्या मोठ्याने ‘‘थांबा!’’ म्हणाली, की चिटणीससुद्धा मागे सरले. तिने वडिलांच्या हातात निरांजन दिले.

मामांनी फेरी घातली. अतिशय सावकाश, पायाने कड चाचपत. ज्योत त्यांच्या तोंडासमोर होती. एका जागी ते थांबले, मान खाली केली, आणि भरल्या आवाजात कानडीत म्हणाले, ‘‘भाळ चंद ऐती, अव्वा.’’ फार सुंदर आहे.

ते रांगोळी संपते तिथून पलीकडे, रिकाम्या फरशीकडे तोंड करून उभे होते.

पत्नीने ते पाहिले. मीही पाहिले. बाकी कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

मी चिटणीसांना विनंती केली की रांगोळी सकाळपर्यंत राहू द्यावी. उन्हे आल्यावर ते पाहतील, मग आम्हीच पुसू. ते खरोखर हळहळले. म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, नवमीला पुसायची हा रिवाज आहे. तुम्हीच सकाळपासून रिवाज रिवाज करताय.’’ ज्याने दुपारी एक रिवाज मोडला, त्यानेच संध्याकाळी दुसऱ्याच्या आड उभे राहावे, याला आमच्या कायद्यात नाव आहे. बोलीभाषेतले नाव येथे छापण्याजोगे नाही.

पत्नीने कडेपासून पुसत आणले. चेहरा शेवटी. हाताने पुसला, केरसुणी लावली नाही.

दसऱ्याच्या दिवशी मला जाग आली ती कॉट सरकल्याच्या आवाजाने. मी रात्रीच ठरवले होते की सकाळी उठल्यावर मंडळाला पहिले पत्र लिहायचे. पत्नी म्हणाली, ‘‘पत्र दुपारी लिहा. आधी ट्रंक उचला.’’ बाहेरच्या खोलीला पूर्वेचे दार होते. तिने खोली रिकामी केली, फरशी धुतली, गेरू फिरवला, आणि दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात वडिलांसाठी पाट मांडला.

‘‘हे काय गं?’’ मामांनी विचारले.

‘‘बसा. बघा की.’’

अष्टमीची फळी नव्हती; पत्नी त्यांच्या गुडघ्यासमोर उकिडवी बसली. तिने आधी संपूर्ण आकृती आखली नाही, जशी ती नेहमी आखते. तिने सुपाची कड काढली, तेवढीच, आणि थांबली. मामांनी मान इकडेतिकडे करून ती नळीत पकडली. ‘‘सूप,’’ ते म्हणाले. मग तिने बोटे काढली. ‘‘हात.’’ मग हिरव्या बांगड्या. त्यांची नजर जेथे पोचे तेथे तिची चिमूट आधी पोचलेली असे. नजर सरकली की चिमूट पुढे सरके. मी दाराच्या चौकटीत बसून पाहत होतो. इतकी वर्षे मी तिच्या रांगोळ्या पाहिल्या होत्या, पूर्ण झालेल्या. रांगोळी होताना, पहिल्या रेषेपासून, शेजारी बसून मी कधी पाहिलीच नव्हती. पूड जमिनीला लागताना अगदी बारीक आवाज होतो, हेही मला त्या दिवशी कळले. माग बंद होते म्हणून ऐकू आला.

लाल पदर झाला. मान झाली. चेहरा येऊ लागला तसे मामा पाटावरून खाली उतरले आणि हातावर रेलले. कपाळ, गोंदण, नाक. डोळे. सुपाकडे झुकलेले, काल होते तसेच.

‘‘न्हाय,’’ मामा म्हणाले.

‘‘काय नाही, अप्पा?’’

‘‘सुपाकडं कुटं बघायची ती? सूप आपलं आपण चालायचं. ती पाखडताना माझ्याकडं बघायची. बघून भांडायची.’’

पत्नीचा हात थांबला. ‘‘काय म्हणायची?’’

‘‘काय म्हणायची? म्हणायची, ‘गिऱ्हाइकाशी गोड बोलून जिभेवरची साखर सपली जणू. घरी आणायला काय उरंना.’ दर बाजाराच्या दिवशी. सूप हलायचं थांबायचं न्हाय आन तोंडबी.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी काय बोलणार? खरंच हुतं की ते.’’

पत्नी हसू लागली. मग तिने पदराचे टोक ओले केले, दोन्ही पापण्या टिपून घेतल्या, आणि त्या जागी पुन्हा डोळे काढले. वर पाहणारे. मामा ज्या बाजूला रेलले होते, बरोबर त्या बाजूला पाहणारे.

त्यांनी तोंड चेहऱ्याच्या इतके जवळ नेले होते, की त्यांच्या श्वासाने पूड उडेल अशी मला भीती वाटली. ते श्वास रोखून पाहत होते. मग मागे सरले आणि म्हणाले, ‘‘हां. आता बोलंल.’’

‘‘अप्पा, डोळे पुसा. खाली पडेल.’’

‘‘रडत न्हाय मी. औषध घातलंय सकाळी.’’

औषध घातलेले नव्हते. ते मीच घालत असे.

संध्याकाळी मी विचारले, पुसायची का. पत्नी म्हणाली, तो मंडळाचा रिवाज, या घराचा नव्हे. आम्ही ती पुसली नाही. वळसा घालून चालत राहिलो. मामा परत जाण्याचा दिवस पुढे पुढे ढकलत राहिले आणि रोज सकाळी ऊन आले की पाट ओढून तिच्यासमोर बसत. वाऱ्याने आणि मुंग्यांनी हळूहळू आपापला वाटा नेला. पुढे त्यांची नजर पूर्ण गेल्यावर गावात कोणी हळहळले तर ते सांगत, ‘‘जायच्या आधी बायकोला बघितलं की. भांडत हुती.’’

दिवाळीनंतर चिटणीस स्वतः फोटोची प्रत घेऊन घरी आले. शब्द पाळणारा माणूस. पण पाकीट देताना ते खाली पाहत होते. ‘‘जरा धुकं आलंय,’’ म्हणाले. फोटोग्राफरने वरचा डोळा पुसला होता. ज्याने फोटो घ्यायचा त्या खालच्या डोळ्यात कुंकू तसेच राहिले होते. सगळ्या फोटोंत तेच. माणसांच्या ओळी ओळखू येत होत्या, हारही, पाहुण्यांचे जोडलेले हातही. त्यांच्या पायांशी राखाडी ढग होता. पत्नीने फोटो उन्हात धरून पाहिला, चहा विचारला, आणि ते निघाले तेव्हा पाकीट त्यांच्याच हाती परत दिले. म्हणून फोटो आमच्या घरी नाही. तो मंडळाकडेच असला पाहिजे, आणि मंडळच आता तो मला मागते आहे.

गेल्या नवरात्रात मी सभागृहात गेलो होतो. एका मुलीने मोर काढला होता, सुरेख. भोवती कोंडाळे होते, आणि प्रत्येकाचा हात डोक्याच्या वर, हातात मोबाइल. मागची माणसे पुढच्यांच्या मोबाइलमध्ये मोर पाहत होती. ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला विचारले, ‘‘पहिली नजर कोणाला दिलीस?’’ तिला प्रश्न कळला नाही. तिचा दोष नाही. कोणी शिकवलेच नाही.

हा मजकूर पत्नीने वाचला आहे. तिच्या मते विशेषणे फार आहेत. काही मी तिच्या सांगण्यावरून काढली. ‘‘आता कशाला?’’ असेही तिने विचारले. मुदतीच्या कायद्याप्रमाणे माझा दावा केव्हाच बुडाला आहे, हे मला ठाऊक आहे. मला भरपाई नको, दिलगिरीही नको. दिलगिरी ते त्या काळी चहा पिताना व्यक्त करून गेले.

मागणी एवढीच आहे. येत्या नवमीला सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर, सर्व सभासदांसमक्ष, अध्यक्षांनी माझ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. त्या खंडेनवमीला भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते त्या रांगोळीपासून हाताच्या अंतरावर उभे होते. पेठेत त्यांच्याइतका वेळ तिच्याजवळ कोणीही नव्हते. तर त्यांनी कोणताही फोटो न पाहता, कोणालाही न विचारता सांगावे: ती बाई कोठे पाहत होती?

उत्तर येत नसेल, तर तसेही त्यांनी तेथेच, ध्वनिक्षेपकावरून सांगावे. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन, आणि माझ्या शेजारी तिची लेक.